चिलापीचे बीज कुणाच्या हाती?

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण आले की रस्त्याच्या कडेला मच्छीच्या खानावळींच्या पाट्या दिसू लागतात. गाड्या थांबतात, माणसे पोटभर चिलापी खातात आणि पुढे निघून जातात. पकडणाऱ्याला त्यातून काय मिळाले हा प्रश्न ताटावर बसलेल्याला पडत नाही. आज आम्हाला त्याच्याही मागचा प्रश्न विचारायचा आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत शेततळ्यांतून चिलापी वाढवण्याचा धंदा उभा राहतो आहे. त्या धंद्याचे बीज कोण तयार करणार? आणि ते तयार करण्याचा हक्क आमच्या भूमिहीन माणसाला मिळणार की नाही?

चिलापी म्हणजेच तिलापिया. हा मासा मूळचा आफ्रिकेचा. आपल्या देशात तो १९५२ मध्ये आणला गेला. गरिबाला स्वस्तात प्रथिने मिळावीत हा तेव्हाचा हेतू होता. पण तो इतक्या झपाट्याने वाढला आणि देशी माशांच्या जागा बळकावू लागला, की १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी घालावी लागली. बंदी कागदावर राहिली, मासा पाण्यात राहिला. १९८० मध्ये उजनीचे धरण पूर्ण झाले. भीमेचे पाणी इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा तालुक्यांत पसरले, गावेच्या गावे पाण्याखाली गेली. आज त्या पाण्यात चिलापीने ठाण मांडलेले आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची घाण मुळा-मुठेतून, भीमेतून खाली येते. त्या पाण्यातही हा मासा तग धरतो. रोहू, कटला यांना जे सोसत नाही ते चिलापी सोसते. उपेक्षेत जगायला शिकलेल्या या माशाला आमच्या वस्त्यांनी आपले मानले, यात नवल काहीच नाही!

त्याचे बीज कसे तयार होते हे प्रथम समजून घेतले पाहिजे, कारण सारे राजकारण तिथेच दडलेले आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात आपणहून अंडी देत नाहीत. त्यांना वाहते पाणी आणि पावसाळा लागतो. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने ओडिशात त्यांना इंजेक्शन देऊन प्रजनन करवून दाखवले. म्हणून १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पण त्या बीजासाठी सिमेंटच्या टाक्या, वाहते पाणी, इंजेक्शन आणि तज्ज्ञ माणूस लागतो. चिलापीला यातले काही लागत नाही. नर तळ्याच्या तळाशी खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि नराने ती फळवली की लगेच तोंडात उचलून घेते. तीन-चार दिवसांत अंडी तोंडातच फुटतात. पिले पोहू लागेपर्यंत, म्हणजे जवळपास दोन आठवडे, आई त्यांना तोंडात सांभाळते आणि त्या काळात स्वतः जवळजवळ उपाशी राहते. पाणी उबदार असले की महिना-दीड महिन्याने पुन्हा अंडी.

म्हणजे बीज बनवण्याची अर्धी विद्या या माशाने स्वतःच शिकून ठेवलेली आहे. मग अडचण कुठे आहे? अडचण त्याच्या अतिप्रजननातच आहे. नर-माद्या एकत्र सोडल्या तर चार-सहा महिन्यांत तळे पिलांनी भरून जाते. खाद्य सर्वांना पुरत नाही. मासा तळहाताएवढाही होत नाही आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. शिवाय मादीची शक्ती अंड्यांत जाते, नर अधिक वेगाने वाढतो. म्हणून जगभर आता केवळ नरांचे, एकलिंगी बीज सोडण्याची पद्धत आहे. त्यासाठी नुकत्याच पोहू लागलेल्या पिलांना पहिले २१ ते २८ दिवस संप्रेरक मिसळलेले खाद्य देतात. किलोभर खाद्यात साधारण ६० मिलिग्रॅम एवढेच त्याचे प्रमाण असते. त्यामुळे जवळपास सर्वच पिले नर होतात.

भारत सरकारने २००९ मध्ये तिलापिया संवर्धनाला परवानगी दिली ती याच अटीवर. बीज एकलिंगी किंवा वांझ असावे, ते परवानगी असलेल्या केंद्रातूनच यावे, शेतकऱ्याने मत्स्यव्यवसाय खात्याकडे नोंदणी करावी, तळ्यातला मासा नदीनाल्यात जाणार नाही याची तजवीज असावी, असे हे नियम आहेत. नियम योग्यच आहेत. १९५२ ची चूक पुन्हा होता कामा नये. पण नियमाचा एक परिणाम लक्षात घ्या. जो मासा कुणाच्याही तळ्यात फुकट पिले देत होता, त्याचे बीज आता विकत घ्यावे लागते. कापसाच्या बियाण्याचे जे झाले, तेच माशाच्या बीजाचे होऊ घातले आहे. बीज दूरच्या केंद्रातून प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येते. वाटेत किती मेले, किती जगले, पिशवीत खरोखर किती होते, नर किती आणि माद्या किती, हे सारे विकणाऱ्याच्या शब्दावर. घेणाऱ्याच्या हाती तळ्यात सोडून वाट पाहणे एवढेच. बीज ज्याच्या हाती, धंदा त्याच्या हाती!

आता तळे कुणाच्या हाती आहे ते पाहू. राज्यात २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. नाव मोठे गोड आहे. पण जो मागेल त्याच्या नावावर किमान ०.६० हेक्टर जमीन असावी, ही अट त्याच योजनेत होती. म्हणजे मागेल त्याला नव्हे, सात-बारा असेल त्याला! ज्याच्याकडे दीड एकरही नाही त्याने मागायचेच नाही, असा त्याचा सरळ अर्थ. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हे नवीन नाही. नीरा डावा कालवा आला तेव्हा पाणी जमिनीच्या मागे गेले. ऊस पाण्याच्या मागे गेला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी येथे साखर कारखाने उभे राहिले आणि त्यांचे सभासदत्व उसाच्या मागे गेले. सहकार झाला तो बागायतदारांचा झाला. ज्याच्या नावावर जमीन नव्हती तो याच कारखान्यांच्या फडात कोयता घेऊन उभा राहिला. आता शेततळ्यात मासा आला आहे. तोही त्याच वाटेने जाणार असेल, तर आमच्या माणसाच्या वाट्याला जाळे ओढण्याची मजुरी तेवढी येईल.

मग भूमिहीनाने काय करावे? जमीन मिळवावी, हे तर आहेच. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते उगाच नव्हे. त्यांच्याच नावाने २००४ पासून शासनाची योजना आहे. भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची. पण कालव्याच्या पट्ट्यात सरकारी दराने जमीन विकायला कोण पुढे येणार? ती लढाई चालूच ठेवली पाहिजे. परंतु ती संपेपर्यंत थांबायचे, असेही नाही.

इथे बाबासाहेबांच्या एका जुन्या लेखाची आठवण करून देणे आवश्यक वाटते. १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर इंग्रजीत निबंध लिहिला. धारण लहान की मोठी हे केवळ तिच्या आकारावरून ठरवणे चुकीचे आहे, तिच्यावर भांडवल, अवजारे आणि श्रम किती प्रमाणात लावले जातात यावर तिची किफायत ठरते, असे त्यांनी त्यात मांडले. एकरांचा हिशेब करणाऱ्यांना त्यांनी भांडवलाचा हिशेब करायला लावले. चिलापीचे बीज ही गोष्ट या विचाराचे अगदी चपखल उदाहरण आहे. मासा वाढवायला मोठे तळे लागते. बीज तयार करायला गुंठाभर पाणी पुरते.

हिशेबच करून पाहू. बीजकेंद्रात मच्छरदाणीसारख्या जाळीची चौकोनी पेटी बांबूंना बांधून पाण्यात सोडतात. तिला हापा म्हणतात. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद असा एक हापा घ्या. त्यात २० नर आणि ६० माद्या सोडा. दर पंधरवड्याला माद्या तपासल्या आणि त्यांतल्या एकतृतीयांश माद्यांच्या तोंडात अंडी मिळाली, तर २० माद्या झाल्या. एका मादीची ३०० अंडी धरली तर ६,००० अंडी. शेवटपर्यंत त्यातली निम्मीच जगली असे धरू. पंधरवड्याला ३,००० पिले झाली. थंडीचे तीन महिने सोडून उरलेल्या नऊ महिन्यांत १८ पंधरवडे मिळतात. म्हणजे वर्षाला ५४,००० बीज. तीस मीटर लांबी-रुंदीच्या शेततळ्यात चौरस मीटरला तीन याप्रमाणे २,७०० पिले लागतात. अशा वीस शेततळ्यांचे बीज या एका हाप्यातून निघते! या हाप्याची जागा किती? वीस चौरस मीटर. गुंठ्याचा पाचवा हिस्सा. अंडी उबवायला बरण्या, पिले वाढवायला आणखी काही हापे, पाणी साठवायला एक लहान तळे, पंप आणि शेड धरली तरी सारे पाच-दहा गुंठ्यांत बसते. हा कच्चा हिशेब आहे, पाणी आणि हात बदलले की आकडे बदलतील. पण वीस तळेवाल्यांना बीजासाठी दहा गुंठेवाल्याच्या दारात यावे लागेल, एवढे त्यातून नक्की दिसते.

याला पैसा कुठून येणार? २०२० मध्ये केंद्राने प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आणली, २०,०५० कोटी रुपयांची. तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला खर्चाच्या ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान ठेवले गेले. वरवर पाहता आमचेच पारडे जड. पण उरलेले ४० टक्के कुठून आणायचे? बँकेत गेले की बँक तारण मागते. तारण म्हणजे जमीन. आणि तारण म्हणून दाखवायला जमीन नाही हीच तर मूळची व्यथा. शिवाय अनुदान बहुधा काम उभे राहिल्यावर हातात पडते. आधी खर्च करण्याची ऐपत ज्याची आहे त्यालाच ते मिळते. अशा वेळी गावातला एखादा धनदांडगा पुढे येतो, "पैसे मी घालतो, तू फक्त सही कर" म्हणतो. कागद आमच्या माणसाचा, तळे त्याच्या बांधावर. ६० टक्के आमच्या नावाने आले आणि गेले त्याच्या घरात. ही सही करू नका, असे आम्ही बजावून सांगतो. वतनाच्या जमिनी कशा गेल्या हे आठवा. त्याही अंगठ्यानेच गेल्या होत्या.

म्हणूनच हे काम एकेकट्याचे नाही. भूमिहीन तरुणांची, महिलांच्या बचत गटांची संस्था हवी. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी अखर्चित राहतो, दुसरीकडे वळवला जातो, ही चळवळीची जुनी तक्रार आहे. या ४० टक्क्यांचा भार त्या निधीतून उचलायला काय हरकत आहे? गावाचे गायरान आहे, गावतळी आहेत, क्षारपड होऊन पडून राहिलेल्या जमिनी आहेत. कालव्याच्या पाण्याने वर्षानुवर्षे ऊस घेऊन या पट्ट्यातल्या किती जमिनी मिठाने पांढऱ्या पडल्या, हे गावोगाव दिसते. जिथे ऊस येत नाही तिथे चिलापी येते, कारण थोडे खारे पाणी तिला सोसते. अशी दहा-वीस गुंठे जमीन दीर्घ मुदतीच्या भाड्याने संस्थेला मिळणे अशक्य नाही.

पण आम्ही आमच्या माणसांना स्वप्न विकणार नाही. अडचणी सांगितल्याच पाहिजेत. बारामती-इंदापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असतात. पाणी २० अंशांखाली गेले की चिलापी अंडी देत नाही. म्हणून नऊच महिन्यांचा हिशेब आम्ही धरला. इंदापूर कालव्याच्या शेपटाला आहे, आवर्तन लांबले की तळे आटते. बीजकेंद्राला स्वतःच्या विहिरीचा किंवा बोअरचा आधार हवा. वीज गेली तर पहाटे पाण्यातला प्राणवायू घटतो आणि एका रात्रीत सारे बीज उलटे तरंगते. तेच तेच नर-मादी वर्षानुवर्षे वापरले तर वाण खुरटतो. म्हणून जातिवंत नर-माद्या मान्यताप्राप्त केंद्रातून आणून ठरावीक काळाने बदलाव्या लागतात. विजयवाड्याच्या केंद्रात तयार होणारी 'गिफ्ट' जात अशीच, निवडीतून सुधारलेली आहे.

आणि संप्रेरकाचे काय? ते खाद्यात मिसळण्याचे काम बहुतेक ठिकाणी बायाच करतील, म्हणून हे ठासून सांगतो. ते स्पिरिटमध्ये विरघळवून खाद्यावर फवारतात आणि खाद्य सावलीत वाळवतात. हातमोजे आणि तोंडाला फडके असल्याशिवाय त्याला हात लावू नये. गरोदर बाईने ते काम करूच नये. उरलेले पाणी ओढ्यात सोडू नये. मजुरी वाचवण्यासाठी मोजे वाचवले असे आमच्या संस्थेत घडता कामा नये. दुसऱ्याच्या फडात आमची हेळसांड झाली, तीच आमच्या दारात झाली तर संस्था आमची असून काय उपयोग?

आणखी एक गोष्ट. उजनीत जाळे टाकून जगणारा भोई समाज आणि धरणात जमीन गेलेले विस्थापित हे आमचेच भाऊ आहेत. आमच्या बीजकेंद्रातून कच्चे, न तपासलेले बीज उजनीत किंवा नीरेत गेले, तर त्यांच्या जाळ्यात लहान मासाच येईल. त्यांचा रोहू-कटला आधीच रोडावला आहे. म्हणून नियम पाळणे हे केवळ खात्याला दाखवण्यापुरते नाही, ते बांधिलकीचे आहे. उलट भोई समाजाच्या पिढीजात पाण्याच्या ज्ञानाला या संस्थेत मानाचे स्थान हवे. मासा कधी वर येतो, पाणी कधी फिरते हे त्यांना पुस्तकाविना कळते.

जगात हे कुठे घडले आहे काय? घडले आहे. बांगलादेशच्या वायव्य भागात अनेक लहान शेतकरी कुटुंबांनी भाताच्या खाचरांतच चिलापीचे नर-मादी ठेवून बीज तयार केले आणि आसपासच्या तळेवाल्यांना विकले. त्यात बायकांचा वाटा मोठा होता. दूरच्या व्यापाऱ्यावरचे अवलंबन त्यामुळे कमी झाले. इंडोनेशियात तर चिलापीच्या एका जातीला 'मुजाइर' असेच नाव आहे. मुजाइर हा जावा बेटावरचा एक साधा खेडूत. १९३० च्या दशकात समुद्राच्या खाडीत सापडलेला हा मासा त्याने घरी आणला. तो गोड्या पाण्यात मरत होता, तरी पुन्हा पुन्हा आणून त्याने तो जगवला. त्याच्याकडे पदवी नव्हती. आज त्या देशात मासा त्याच्या नावाने ओळखला जातो. विद्या ही कुणाच्या घरची मक्तेदारी नसते, याचा याहून चांगला दाखला कोणता?

आमच्या मागण्या साध्या आहेत. बारामती किंवा इंदापूर तालुक्यात भूमिहीनांच्या सहकारी संस्थेला तिलापिया बीजकेंद्राचा परवाना मिळावा. राज्याच्या मत्स्यबीज केंद्रांनी रोहू-कटल्यापलीकडे जाऊन या संस्थेला जातिवंत नर-माद्या पुरवाव्यात आणि बीज तपासून द्यावे. अनुदानातला स्वतःचा हिस्सा उपयोजनेतून भरला जावा आणि अनुदान टप्प्याटप्प्याने, कामाबरोबर मिळावे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज, कर्ज, विमा शेतीप्रमाणे मिळेल असे त्या वेळी सांगितले गेले. ते सात-बारा नसलेल्या मत्स्यशेतकऱ्यालाही मिळेल असे स्पष्ट लिहून द्यावे. नाहीतर हा दर्जाही पुन्हा जमिनीच्याच मागे जाईल.

आणि कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. जयंतीच्या वर्गणीतून एक वही विकत घ्या. आपल्या गावात शेततळी किती, बीज कुठून येते, किती भावाने येते, किती मरते, गायरान आणि पडीक तळी किती आहेत, हे घरोघर फिरून तिच्यात लिहा. ती वही घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि समाजकल्याण कार्यालयात जा. रिकाम्या हाताने गेलेल्याला उद्या या म्हणतात, आकडे घेऊन गेलेल्याला बसायला खुर्ची देतात.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर आपल्या माणसांनी ओंजळभर पाणी घेतले. पाण्यावर आमचाही हक्क आहे एवढे त्या ओंजळीने सांगितले. पिण्याचा हक्क कायद्याने मिळाला. पाण्यावर कमावण्याचा हक्क मात्र अजून सात-बाराच्या दाराशी अडकून पडला आहे. तो मिळवायचा असेल तर तळेवाल्याकडे मजुरी मागत जाण्याऐवजी, तळेवाल्याने बीज मागत आमच्याकडे यावे अशी व्यवस्था उभी करावी लागेल. गुंठाभर पाण्यात ती उभी राहू शकते. सुरुवात या पावसाळ्याच्या आत झाली पाहिजे.